कागदावरच्या चित्राला नगरपालिकेचा मान

घरातल्या कागदाचा भाव आपल्याला पाठ असतो. वर्तमानपत्रं महिनाभर साठवायची आणि रद्दीवाल्याला किलोवर घालायची. पण त्या ढिगातून कधी कधी दुसरंही काही जातं. शाळेत असताना काढलेली चित्रं, भरतकामासाठी स्वतः आखलेले नमुने, ठिपक्यांच्या रांगोळीची वही. बदलीच्या गावी सामान न्यायचं असतं, नव्या ब्लॉकमध्ये माळा लहान असतो, आणि “काय करायचंय आता त्याचं?” असं दुसऱ्या कुणी म्हणायच्या आत आपणच म्हणून मोकळ्या होतो.

म्हणूनच ऑस्ट्रेलियातल्या काही गावांची एक रीत सांगण्यासारखी वाटते. तिकडे गावाचा कारभार पाहणारी जी संस्था असते तिला काउन्सिल म्हणतात. आपली नगरपालिका म्हणा ना! घरपट्टी गोळा करायची, रस्ते दुरुस्त करायचे, कचरा उचलायचा, वाचनालयं चालवायची, ही तिची रोजची कामं. यातल्या काही काउन्सिलं चित्रांची स्पर्धाही भरवतात, आणि त्यांतल्या काहींची अट अशी, की चित्र कागदावरचंच हवं. कॅनव्हासवरचं मोठं तैलचित्र नको, दगडाचा पुतळा नको. पेन्सिल, शाई, जलरंग, ठसे, कात्रणं यांतून कागदावर उतरलेलं काम पाठवा, असं ही काउन्सिलं सांगतात. निवडलेल्या चित्रांचं प्रदर्शन भरतं, बक्षिसं दिली जातात, आणि गावची माणसं रविवारी पोराबाळांना घेऊन ती बघायला येतात.

तुम्ही म्हणाल, यात बायकांसाठी वेगळं काय आहे? स्पर्धा तर सगळ्यांनाच खुली. बरोबर. पण कागदाची ही गोष्ट जरा उलगडून पाहिली की तिच्यात घर आणि घरातली बाई पदोपदी भेटते.

हेझलचं घर

सिडनी शहराच्या दक्षिणेला सदरलँड शायर नावाचा मोठा भाग आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला रान, आणि मध्ये बैठ्या घरांची उपनगरं. त्यांतलंच एक गायमिया. या भागात उंच दांड्यावर लालभडक फुलणारी एक लिली होते, तिचंही नाव गायमिया लिलीच.

तिथं बेन आणि हेझल ब्रॉडहर्स्ट हे जोडपं राहायचं. बायकोचं नाव हेझल आणि आडनाव ब्रॉडहर्स्ट, त्यावरून घराचं नाव पडलं हेझलहर्स्ट. आपल्याकडेही नवं घर बांधलं की आईचं किंवा बायकोचं नाव फाटकावर लावतात, तसंच. पुढं बेन ब्रॉडहर्स्ट यांनी मृत्युपत्रानं हे घर आणि भोवतालची बाग काउन्सिलच्या हाती सोपवली, ती गावकऱ्यांच्या उपयोगासाठी. काउन्सिलनं तिथं चित्रशाळा आणि प्रदर्शनाची दालनं उभारली, आणि २००० साली हे कलाकेंद्र लोकांसाठी उघडलं. बाग राहिली, जुनं घर राहिलं आणि मुख्य म्हणजे हेझलचं नावही राहिलं.

दुसऱ्याच वर्षी, म्हणजे २००१ साली, या केंद्रानं कागदावरच्या कामांसाठी बक्षीस सुरू केलं. ते दर दोन वर्षांनी असतं आणि देशभरातले कलावंत त्यात भाग घेतात. चित्र कागदावर काढलेलं चालतंच, पण कागदाचंच बनवलेलंही चालतं. कागद कापा, दुमडा, शिवा, विणा, एकावर एक चिकटवा. मोजायची ती त्यातली बुद्धी आणि हात.

अशा स्पर्धांचं तंत्र साधारण सारखंच असतं. प्रवेशासाठी थोडी फी भरायची आणि कामाचा फोटो पाठवायचा. आलेल्या शेकडो कामांतून काही थोडीच भिंतीवर लागतात, आणि मग जाणकार परीक्षक मूळ कामं समोर ठेवून बक्षिसं ठरवतात. बहुतेक ठिकाणी तरुण किंवा स्थानिक कलावंतांसाठी वेगळं बक्षीस असतं. एखादं बक्षीस प्रेक्षकांच्या मतांवरही दिलं जातं. दारात चिठ्ठ्यांची पेटी ठेवलेली असते. भाजीची पिशवी हातात घेऊन आलेल्या बाईच्या मताचंही वजन तेवढंच!

आणखी एक रीत फार चांगली आहे. काही बक्षिसं म्हणजे एका अर्थी खरेदी असते. बक्षिसाची रक्कम कलावंताला मिळते आणि चित्र काउन्सिलच्या संग्रहात जमा होतं. म्हणजे ते चित्र गावाचं झालं. वर्षं सरतात तसा गावाचा असा एक ठेवाच तयार होतो.

कागदच का?

चित्रकलेच्या जगातही आपल्या जेवणाच्या पंगतीसारखा मानपान असतो. तैलचित्र पाटावर बसतं, पुतळा चौरंगावर, आणि कागदावरची चित्रं मागच्या पंगतीला. कागदाला किंमत कमी, कारण तो फाटतो, पिवळा पडतो, त्याला कसर लागते. ठशावरून छापलेल्या चित्राच्या तर पाच-पन्नास प्रती निघतात, मग त्याला दाम कोण देणार?

पण घरात बसून चित्र काढणाऱ्या बाईला कागदच परवडत आला. तैलरंगाला वेगळी खोली हवी. टर्पेन्टाइनचा वास घरभर पसरतो, चित्र वाळायला दिवसच्या दिवस लागतात, आणि तोवर पोरांचे हात त्याला लागू द्यायचे नाहीत. कागदाचं तसं नाही. दुपारची झाकपाक झाली की टेबलावर पसरायचा, चार वाजता चहाचं आधण ठेवायच्या आत गुंडाळून कपाटात टाकायचा. ज्यांना स्वतःची खोली नव्हती त्यांची कला कागदावर राहिली, यात नवल ते काय?

ऑस्ट्रेलियातच याची ठळक उदाहरणं आहेत. मार्गारेट प्रेस्टन (१८७५–१९६३) हे तिथल्या कलेतलं मोठं नाव. १९१९ साली, चाळिशी उलटल्यावर, तिनं लग्न केलं आणि सिडनीच्या मोस्मन भागात संसार थाटला. या घरच्या काळातच तिनं लाकडी ठशांची चित्रं केली. लाकडाच्या फळीवर चित्र कोरायचं, काळ्या शाईनं कागदावर छापायचं आणि मग हातानं रंग भरायचे. विषय कुठले? तर तिथलीच रानफुलं, फुलदाणी, बंदरातल्या होड्या. १९२५ साली तिनं आणि थिया प्रॉक्टर या मैत्रिणीनं मिळून प्रदर्शन भरवलं, तेव्हा ठशांची ही चित्रं लालभडक चौकटींत बसवली होती. सामान्य माणसाच्या दिवाणखान्यात लावता येईल आणि त्याला परवडेल असं चांगलं चित्र हवं, हा प्रेस्टनबाईंचा आग्रह. घर सजवण्याच्या मासिकांतून त्या स्वतः लेख लिहून हे सांगत. पुढं सिडनीच्या मोठ्या सरकारी कलादालनानं त्यांच्याकडून त्यांचं स्वतःचं चित्र मागून घेतलं. असा मान तिथं एका स्त्रीला प्रथमच मिळाला होता.

मग आलं लिनोकट. लिनोलियम म्हणजे जमिनीवर अंथरायचं जाड मेणकापडासारखं आच्छादन. त्याच्याच तुकड्यावर कोरून ठसा करायचा. लाकडापेक्षा मऊ, स्वस्त, आणि यंत्राशिवाय घरी चमच्याच्या पाठीनं घासूनसुद्धा छापता येतं! लंडनमध्ये क्लॉड फ्लाइट नावाचे शिक्षक हे शिकवत. चित्राची किंमत सिनेमाच्या तिकिटाएवढी असावी, असं त्यांचं म्हणणं होतं. १९२० च्या दशकाच्या अखेरीस एथेल स्पॉवर्स, एव्हलिन साइम आणि डॉरिट ब्लॅक या तीन ऑस्ट्रेलियन स्त्रिया त्यांच्याकडे शिकल्या आणि ती विद्या मायदेशी घेऊन आल्या. १९३० साली मेलबर्नमध्ये अशा लिनोकट चित्रांचं प्रदर्शनही भरलं.

त्यानंतरच्या पिढीतली बार्बरा हॅनरहन (१९३९–१९९१) अॅडलेडची. ती वर्षाची असतानाच वडील गेले. आई, आजी आणि मावशीआजी अशा तीन बायकांनी तिला वाढवलं. छापचित्रं करायची आणि कादंबऱ्या लिहायच्या, असं दुहेरी आयुष्य ती जगली. तिच्या चित्रांत परसातली झाडं, फुलं, आज्या आणि नटलेल्या मुली दाटीवाटीनं भेटतात. तिन्ही बायकांचं घर तिनं कागदावर नेलं आणि ते मोठमोठ्या संग्रहांत जाऊन बसलं.

कोंडवाड्याचं झालं कलाकेंद्र

आता ऑस्ट्रेलियाच्या अगदी दुसऱ्या टोकाला, पश्चिम किनाऱ्यावर जाऊ. तिथं पर्थ शहराजवळ फ्रीमँटल हे जुनं बंदर आहे. आपल्या हिंदी महासागराचंच पाणी त्याच्या धक्क्याला लागतं. तिथं उंच निमुळत्या छपरांची, चुनखडीच्या दगडांची एक भली मोठी इमारत उभी आहे. तिची कहाणी ऐकण्यासारखी आहे.

१८६० च्या दशकात इंग्लंडहून आणलेल्या कैद्यांच्या हातून ती बांधून घेतली गेली, ती वेड्यांचं इस्पितळ म्हणून. त्या काळचं वेड्यांचं इस्पितळ म्हणजे कोंडवाडाच म्हणायचा. दाटी वाढली, हाल वाढले, लोकांनी ओरड केली, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इथले रोगी नव्या इस्पितळात हलवले गेले. मग इमारतीत आल्या निराधार बायका. ज्यांना कोणी नाही, ज्या थकल्या, अशांसाठी तिथं आश्रम चालला तो थेट दुसऱ्या महायुद्धापर्यंत. युद्धात अमेरिकन सैन्यानं इमारत वापरली, नंतर तिथं तंत्रशाळा भरली.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस ती पाडायचं घाटत होतं. पडकी, जुनी, वर नाव बदनाम. पण तेव्हाचे महापौर फ्रेडरिक सॅम्सन यांनी ती वाचवण्याचा आग्रह धरला. डागडुजी झाली, आणि १९७३ साली तिथं फ्रीमँटल कलाकेंद्र सुरू झालं. ते गावची नगरपालिकाच चालवते. १९७६ साली या केंद्रानं छापचित्रांसाठी बक्षीस सुरू केलं. कागदावर ठशानं उतरवलेली चित्रं आणि कलावंतांनी हातानं घडवलेली पुस्तकं यांच्यासाठीचं हे बक्षीस चार दशकांहून अधिक काळ चालत आलं आणि सगळ्या देशात नावाजलं गेलं. बक्षीस मिळालेली चित्रं नगरपालिकेच्या संग्रहात जातात.

म्हणजे पाहा, ज्या भिंतींआड बायकांना कोंडून ठेवलं, नंतर जिथं निराधार म्हाताऱ्या दिवस काढत होत्या, त्याच भिंतींवर पुढं बायकांनी केलेली चित्रं सन्मानानं लागली.

“आम्ही भारतातले” म्हणणारी सॅली

याच कलाकेंद्राची स्वतःची छोटी प्रकाशनसंस्थाही होती. तीही १९७६ चीच. १९८७ साली तिनं एका अनोळखी बाईची आत्मकथा छापली, ‘माय प्लेस’. लेखिका सॅली मॉर्गन, जन्म १९५१, पर्थची. पुस्तक देशभर गाजलं, लाखोंनी खपलं.

आपल्याला यात एक धागा फार जवळचा वाटेल. सॅली लहान असताना शाळेतल्या मुली विचारायच्या, तुम्ही कुठल्या? घरी विचारलं तर आईनं सांगितलं, सांग, आम्ही भारतातले. पोरींना ते खरंच वाटलं. मोठेपणी सॅलीला कळलं, की भारताशी आपला काही संबंध नाही. आपण तिथल्याच मूळ रहिवाशांच्या वंशातल्या. मग आईनं आणि आजीनं खोटं का सांगितलं? भीतीपोटी. त्या काळी सरकार मूळ रहिवाशांच्या, विशेषतः मिश्र वंशाच्या, मुलांना आईपासून तोडून संस्थांमध्ये नेऊन ठेवत असे. लेकरं आपल्याजवळ राहावीत म्हणून दोन बायकांनी आपला वंशच लपवला. कुठल्याही आईला हे वाचून पोटात कालवेल.

सॅलीला लहानपणापासून चित्रांचा नाद. पण शाळेत शिक्षकांनी सगळ्या वर्गासमोर तिच्या चित्राची थट्टा केली आणि तिनं चित्रं काढणंच सोडलं. पुष्कळ वर्षांनी तिनं पुन्हा रंग हाती घेतले. तिची रंगीत छापचित्रं आज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाच्या संग्रहात आहेत. १९९३ साली मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यानिमित्त संयुक्त राष्ट्रांनी टपाल तिकिटं काढली, त्यासाठी तिचं ‘आउटबॅक’ हे चित्र निवडलं गेलं.

एका थट्टेनं हात थांबतो आणि कुणी आपुलकीनं विचारलं की पुन्हा चालू लागतो, हे आपण आपल्या आसपासही पाहतो, नाही का?

रस्ते आधी की चित्रं?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असणारच. नगरपालिकेनं चित्रांवर पैसे का खर्चावेत? आधी खड्डे बुजवा, नळाला पाणी सोडा! तिकडचे करदातेही असंच म्हणतात. सभांमधून यावर वाद होतात, आणि ते व्हायलाच हवेत. पैसा लोकांचा आहे.

पण हिशेबाची दुसरी बाजूही बघायला हवी. कागदावरच्या चित्रांचं बक्षीस हे काही फार खर्चिक प्रकरण नसतं. पुतळा उभारायचा तर चौथरा, कुंपण, उद्घाटन, हारतुरे आणि पुढं दर वर्षी रंगरंगोटी. कागदी चित्रांना लागतात त्या चार भिंती आणि जरा काळजी. ती टपालानं येतात, सपाट खणात मावतात. छापचित्र असेल तर एक प्रत गावाच्या संग्रहात राहते आणि बाकीच्या विकून कलावंताच्या हाती दोन पैसे येतात. अशा चित्राखाली पेन्सिलीनं ३/२० असं काही लिहिलेलं दिसलं, तर वीस प्रतींतली ती तिसरी, असं समजायचं. साधारण मिळकतीच्या घरालाही अशी एखादी प्रत विकत घेता येते.

आणि घरी एकटीच काम करणाऱ्या बाईला अशा बक्षिसातून जे मिळतं, ते पैशापेक्षा मोठं असतं. “बसली असेल काहीतरी खरडत” असं ज्याला घरात म्हटलं जातं, ते काम गावानं भिंतीवर लावलं, खाली नाव छापलं, परक्या माणसानं त्यापुढं पाच मिनिटं उभं राहून बघितलं. त्यानंतर घरातही त्या टेबलाचा कोपरा तिचा होतो. तिचा वेळ हा वेळ म्हणून मोजला जातो.

कोऱ्या कागदाची आपली गोष्ट

हे सगळं परदेशातलं झालं, असं वाटू द्यायचं कारण नाही. कोऱ्या कागदानं बायकांचं नशीब पालटल्याची गोष्ट आपल्या देशातही घडली, आणि तिच्यात एका मराठी चित्रकाराचा हात होता.

१९६६-६७ साली बिहारमध्ये मोठा दुष्काळ पडला. मधुबनी भागातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या लग्नघरात, कोहबराच्या खोलीत, भिंतींवर चित्रं काढत आल्या होत्या. अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना तिकडे पाठवलं. कुलकर्ण्यांनी बायकांच्या हाती कागद दिला आणि सांगितलं, भिंतीवर काढता ते यावर काढा, आम्ही विकत घेऊ. सुरुवातीला बायका बुजल्या. परक्यासमोर यायचं, घरातली चित्रं विकायची, हे अवघड वाटलं. पण हळूहळू हात चालू लागले आणि चूल पेटती राहिली.

पुढं जगदंबादेवी (१९७५), सीतादेवी (१९८१) आणि गंगादेवी (१९८४) यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या घरच्या भिंती दर पावसाळ्यानंतर पुन्हा सारवल्या जायच्या आणि चित्रं त्याखाली जायची. कागदावर उतरली म्हणून ती टिकली आणि त्यांच्या नावानं ओळखली गेली.

घरातली चित्रं अशी जपा

आता कामाच्या गोष्टी. संग्रहालयं कागदाची जी काळजी घेतात, तिच्यातलं पुष्कळसं आपल्यालाही जमण्यासारखं आहे. चित्र तुमचं असो, मुलीचं असो की सासूबाईंच्या तरुणपणचं असो.

१. कागद निवडताना : वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातल्या लिग्निन या द्रव्यामुळं तो हवा आणि उजेड लागून पिवळा पडतो, तडकतो. सुती चिंध्यांचा कागद पुष्कळ टिकतो. पुण्याची हातकागद संस्था १९४० पासून असा कागद बनवत आली आहे. मनापासून करायचं काम अशा कागदावर करावं.

२. नाव आणि तारीख : चित्रामागे कडेला, मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं लिहा. बॉलपेन नको, त्याची शाई पुढच्या बाजूला उमटते. नाव नसलेलं चित्र दोन पिढ्यांनी कुणाचंच राहत नाही.

३. चिकटपट्टी नको : सेलोटेप काही वर्षांनी पिवळी होते आणि कायमचा डाग ठेवते. जुन्या फोटोच्या अल्बममध्ये लावायचो तसे कागदी कोपरे वापरा. चारी कोपऱ्यांत चित्र बसतं आणि हवं तेव्हा निघतंही.

४. लॅमिनेशन तर मुळीच नको : एकदा केलं की ते सोडवता येत नाही, आणि त्याच्या उष्णतेनं रंगही बिघडू शकतात.

५. चौकट करताना : काच चित्राला टेकता कामा नये. मध्ये खिडकीसारखा कापलेला जाड कागदाचा माउंट घालायला सांगा. पावसाळी हवेत काचेला टेकलेला कागद तिला चिकटून बसतो. मागचा प्लायवूडचा तुकडा थेट चित्राला लागू देऊ नका. मध्ये आम्ल नसलेला चांगला जाड कागद हवा.

६. उजेड : संग्रहालयात कागदी चित्रांवरचा उजेड साधारण ५० लक्सवर ठेवतात, म्हणजे अगदी मंद. खिडकीजवळ त्याच्या कितीतरी पट असतो. उन्हाची तिरीप येते त्या भिंतीवर चित्र लावू नका. उडालेला रंग परत येत नाही. दोन चित्रं असतील तर सहा-सहा महिने आळीपाळीनं लावा.

७. ओल : बाथरूमला लागून असलेली भिंत आणि पावसाचा मारा बसणारी बाहेरची भिंत टाळा. चौकटीच्या मागं खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाच्या चकत्या चिकटवा, म्हणजे भिंत आणि चौकट यांत हवा खेळेल.

८. कपाटात ठेवताना : गुंडाळी नको, सपाट ठेवा. दोन चित्रांत स्वच्छ पांढरा कागद घाला, वर्तमानपत्र नको. डांबराच्या गोळ्या चित्राला लागू देऊ नका. त्या कापडी पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवा. पाऊस सरला की चित्रं बाहेर काढून सावलीत, पंख्याच्या मंद वाऱ्यावर तासभर ठेवा. कसर लागली असेल तर तेव्हाच कळतं.

९. काच पुसताना : पाणी काचेवर फवारू नका, ते चौकटीतून आत जातं. फडकं किंचित ओलं करून पुसा.

आपल्या गावात करता येईल?

हेझलहर्स्ट किंवा फ्रीमँटलसारखं कलाकेंद्र एका दिवसात उभं राहत नाही. पण कागदाची गंमत अशी, की त्याला फारसं काही लागत नाही. नगर वाचनालयाची एक खोली, दोरी, चिमटे आणि आठ दिवसांची मुदत. महिला मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात पाककृतींच्या स्पर्धा होतातच. त्यांच्या जोडीला एका वर्षी कागदावरच्या कामांची स्पर्धा ठेवून बघा. अट एकच, काम स्वतःचं असावं आणि कागदावरचं असावं. चित्र, ठसे, कातरकाम, रांगोळीचे नमुने, काहीही. वयाची अट नको. परीक्षक म्हणून जवळच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंना बोलवा. दारात चिठ्ठ्यांची पेटी ठेवा. आणि नगराध्यक्षांना किंवा आपल्या भागातल्या नगरसेविकेला भेटून एवढंच मागा, की पहिल्या बक्षिसाचं चित्र विकत घेऊन चांगल्या चौकटीत वाचनालयात कायमचं लावावं आणि खाली काढणारीचं पूर्ण नाव लिहावं. दर वर्षी एक जरी चित्र लागलं, तरी दहा वर्षांत गावाकडे दहा चित्रं होतील.

त्याआधी माळ्यावरची जुनी वही मात्र एकदा खाली काढा. रद्दीवाला येण्यापूर्वी ती चाळा, बरं वाटलं ते बाजूला ठेवा आणि प्रत्येक पानामागे पेन्सिलीनं आपलं नाव घाला.